घर सोडायचं की घरावर मजला चढवायचा? सांगलीच्या नदीकाठचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या वाचकांच्या पत्रांत एक सूर हमखास लागतो. नदीकाठच्यांनी आता कायमचं उठावं, शहराच्या उंच भागात, विश्रामबागेकडे, कुपवाडकडे जावं. दर पुराला बोटी आणि जेवणाची पाकिटं किती दिवस पुरवायची? लिहिणारे बहुतेक वरच्या भागात राहणारे असतात. त्यांचा हेतू वाईट नसतो हे मला मान्य आहे. पण मी गावभागात, कृष्णेकडे उतरणाऱ्या एका बोळात जन्मापासून राहतो. गेलं वर्षभर आमच्या घरात हाच एक विषय चालला होता: आहे त्या घरावर मजला चढवायचा, की घर विकून विश्रामबागेत फ्लॅट घ्यायचा. आमच्यासारखी शेकडो घरं आज याच विचारात असतील. त्यांच्यासाठी आणि 'उठा' म्हणणाऱ्यांसाठीही हे पत्र.

आधी घराची हकीकत. तीन खोल्या, माणसं सहा. मुलगा कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहे, सून मारुती चौकाजवळ एका डॉक्टरांकडे कामाला जाते, नातू यंदा दहावीला, नात सहावीत, आम्ही दोघं, शिवाय माझी आई. (सात झाली, पण नातू रात्री अभ्यासाला शेजारच्या गच्चीवरच्या खोलीत असतो, म्हणून घरात सहाच धरतो.) घर १९८९ सालचं. मातीचा जुना वाडा उतरवून वडिलांनी नऊ इंची विटांच्या भिंती आणि वर स्लॅब घातला. म्हणजे पूर आला नसता तरी जागा पुरत नव्हतीच. पुराने प्रश्न नुसता टोकाला नेला.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांना गेलं की इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीतलं शाळकरी पोरही सांगेल. पण प्रत्येक बोळाचा हिशेब वेगळा असतो. आमच्या बोळाच्या तोंडाशी पाणी दिसतं ते पुलाखाली ४९ फूट झाल्यावर, आणि उंबऱ्याला लागतं ते साडेबावन्नला. २००५ साली पाणी ५४ फुटांच्या आतबाहेर गेलं होतं. घरात दीड फुटाच्या आत. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्याही वर गेलं आणि घरात पाच फूट चढलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ च्या वर, घरात दोन फूट. सोळा वर्षांत तीन महापूर. आणि पाणी दारातून येतं अशी ज्यांची समजूत आहे त्यांना सांगतो, ते आधी मोरीतून येतं. नदी अजून बोळाच्या तोंडाशी नसते, आणि मोरीच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडे काढत वर यायला लागतं. संडासाच्या भांड्यातून येतं. नाले आणि ड्रेनेज नदीला मिळतात, नदी फुगली की तेच पाणी उलटं फिरतं. दाराला वाळूची पोती लावून काही उपयोग होत नाही तो यामुळे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर दिवाणजी होतो. हयात जमा-नावे लिहिण्यात गेली, त्यामुळे घरात चर्चा तापायला लागली तशी मी वही काढली. एका पानावर फ्लॅट, समोरच्या पानावर मजला.

विश्रामबागेत दोन बेडरूमचा, बारा-तेरा वर्षं जुना फ्लॅट ४२ लाखांना ठरत होता. मुद्रांक शुल्क आपल्या शहरात ६ टक्के. घर बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट आहे, म्हणून सुनेच्या नावावर धरून २ लाख १० हजार. नोंदणी फी १ टक्का असली तरी ३० हजारांवर जात नाही. दलाली ४२ हजार, सोसायटीची हस्तांतरण फी २५ हजार (यापेक्षा जास्त कोणी मागितली तर देऊ नका, महापालिका क्षेत्रात ती मर्यादा आहे), रंगरंगोटी आणि सामान हलवणं मिळून एक लाख. जुना फ्लॅट असल्यामुळे जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतला असता तर तोही धरावा लागला असता. एकूण ४६ लाखांच्या थोडं पुढे. यातून आमच्या घराची किंमत वजा करायची.

आणि तिथेच खरी मेख आहे. दलालाने सुरुवातीला ३० लाखांची आशा दाखवली होती. गिऱ्हाइकं येत गेली. एकानेही स्वयंपाकघर पाहिलं नाही, नळाला पाणी किती वाजता येतं हे विचारलं नाही. आत आलं की पहिली नजर भिंतीवर. रंग नवा दिला होता, तरी खिडकीच्या चौकटीच्या वर शोरा फुटून पांढरी रेघ उमटलेली दिसते, ती बोटाने खरवडून बघायचे. '२०१९ ला इथपर्यंत ना?' अखेरचा भाव २२ लाखांवर आला. म्हणजे फ्लॅटसाठी वरून उभे करायचे २४ लाख.

समोरचं पान. ६८० चौरस फुटांचा मजला, ठेकेदाराचा दर चौरस फुटाला २ हजार, म्हणजे १३ लाख ६० हजार. नवे कॉलम आणि त्यांचा पाया ३ लाख २० हजार. जिना, गॅलरी, कठडे ९० हजार. अभियंत्याची फी, तपासण्या, नकाशा, परवानगीचं शुल्क ८५ हजार. विजेचा मीटर वर नेणं, वायरिंग, टाकी, ड्रेनेजला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह ६० हजार. झाले १९ लाख १५ हजार. बांधकाम ठरल्या आकड्यात आटोपलेलं मी आजवर पाहिलेलं नाही, म्हणून वर १० टक्के धरले. २१ लाख.

म्हणजे दोन्ही पानांत फरक फक्त तीन लाखांचा. लोक म्हणतात मजला स्वस्त पडतो. आमच्या बाबतीत तसं म्हणण्यासारखं काही नव्हतं. तीन लाखांसाठी सात माणसांनी कुठे राहायचं हे ठरवायचं नसतं. त्यामुळे वही बाजूला ठेवून दुसऱ्या गोष्टी बघाव्या लागल्या.

पहिली गोष्ट भिंतींची. आमच्या ओळखीचा गवंडी म्हणाला, 'काही होत नाही, चार इंची भिंती घाला, वर पत्रा टाका, दीड महिन्यात देतो.' अशा पत्र्याच्या खोल्या २०१९ नंतर नदीकाठच्या कितीतरी घरांवर चढल्या आहेत. एप्रिल-मे महिन्यात त्या खोल्यांत दुपारी बसवत नाही. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात, आणि मुख्य म्हणजे खालची भिंत ते ओझं पेलेल का हे कोणीही पाहिलेलं नसतं. आम्ही रीतसर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. तो आला आणि कागद काढायच्या आधी त्याने बाहेरच्या भिंतीला लागून खड्डा घ्यायला लावला.

मुलगा आणि एक गडी खणत होते, मी काठावर खुर्ची टाकून बसलो होतो. वरची फूटभर भर निघाली, विटांचे तुकडे, कौलं, जुन्या वाड्याच्या खापऱ्या. खाली काळी माती लागली. खोऱ्याला चिकटून बसणारी, हातात घेतली तर साबणासारखी घसरणारी. सव्वाचार फुटांवर भिंतीच्या पायाचे दगड संपले आणि माती मात्र काळीच. इंजिनिअरने पहार मागितली आणि दगडांच्या खाली टोचली. ती सहज आत गेली. मुरूम लागला तो सहा फुटांच्या खाली. म्हणजे वडिलांनी बांधलेलं घर छत्तीस-सदतीस वर्षं काळ्या मातीवर उभं आहे. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी गेलेली जी भेग आम्ही दर दिवाळीला लांबी (पुट्टी) भरून बुजवत होतो, तिचं कारण त्या खड्ड्यात दिसलं. नंतर त्याने स्लॅबवर हातोड्याच्या यंत्राने ठिकठिकाणी ठोके घेतले. मोरीवरच्या कोपऱ्यात आवाज पोकळ आला, गिलावा काढला तर सळई गंजून फुगलेली.

त्याने स्पष्ट सांगितलं. या भिंतींवर मजला नाही. घराच्या बाहेरच्या अंगाने आठ कॉलम मुरुमापर्यंत न्यायचे, त्यांच्यावर तुळया आणि मजला स्वतंत्र उभा करायचा. जुन्या भिंतींवर त्याचं वजन येणार नाही. पुढे कधी खालचं घर काढून टाकलं तरी वरचं जागेवर राहील. खर्च वाढला तो इथे, आणि तो मला अजिबात जड वाटला नाही. मजला चढवण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, दुसरं काही करा न करा, हा खड्डा घ्या. हजार-दीड हजाराचं काम आहे.

आमच्या बोळात एक आजी एकट्या राहायच्या, घर मातीच्या भिंतींचं. २०१९ ला पाणी चढलं तेव्हा भिंती उभ्या होत्या. पाणी ओसरून ऊन पडलं आणि मागची भिंत बसली. मातीची घरं पाण्यात कमी पडतात आणि पाणी उतरल्यावर जास्त, हे नदीकाठच्या जुन्या माणसांना माहीत असतं. त्या आजी वानलेसवाडीला लेकीकडे गेल्या. त्यांचं जाणं शंभर टक्के योग्य होतं. मातीच्या घरावर मजला चढत नाही, एकट्या माणसाने पुराच्या रात्री तिथे असू नये, आणि नवं बांधायला त्यांच्याकडे पैसा नव्हता. तेव्हा 'कोणी हलूच नये' असं माझं म्हणणं नाही. निळ्या पूररेषेच्या आत (ही रेषा कोणती ते खाली सांगतो) नदीच्या अगदी अंगावर जी घरं आहेत, त्यांना सरकारने चांगली जागा देऊन हलवलंच पाहिजे. जागा चांगली हवी, एवढंच. स्वस्त मिळतो म्हणून शामरावनगरात फ्लॅट घेतलेला आमचा एक नातेवाईक आहे. तिथे नदी येत नाही, पण पावसाचं पाणी साचतं ते हटत नाही, आणि खाली तीच काळी माती. हललं म्हणजे पाण्यातून सुटलं असं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आमच्या घराला २२ लाख देऊ करणाऱ्या गृहस्थाला मी विचारलं, तुम्ही राहायला येणार का? ते म्हणाले, छे, मी राहणार नाही. खाली आहे त्याच्यात पार्टिशन घालून चार खोल्या करतो, बाजारपेठेतल्या कामगारांना भाड्याने देतो. म्हणजे आम्ही विश्रामबागेत सुखरूप, आणि आमच्या त्याच मोरीतून येणाऱ्या पाण्यात चार कुटुंबं. त्यांच्याकडे वर जायला मजला नाही, इथली ओळख नाही, पाणी कुठून आधी येतं हे माहीत नाही. मा. संपादक, नदीकाठच्यांनी उठावं असं लिहिणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. घर जागेवरच राहतं. त्यातला ऐपतीचा माणूस उठतो आणि त्याच्या जागी बिनऐपतीचा येतो. शहराच्या पुराचं दुखणं यातून एका इंचानेही कमी होत नाही. बोटीतून बाहेर काढायची माणसं उलट वाढतात. आम्ही वर मजला घातला आणि खाली कोणालाही न ठेवता गाडी आणि अडगळ एवढंच ठेवलं, तर पुराच्या पाण्यात सापडणारं एक घर कायमचं कमी होतं.

२००५ च्या महापुरानंतर हरिपूरची हळदीची पेवं मोडली, हे मी पेढीवर असताना डोळ्यांनी पाहिलं आहे. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. पाणी शिरलं, माल नासला, आणि व्यापाऱ्यांनी गोदामं आणि शीतगृहं धरली. ते बरोबरच होतं. पण मालाला शेजार लागत नाही. २०१९ ला माझ्या आईला समोरच्या घराच्या गॅलरीतून बोटीत उतरवलं ते बोळातल्या पोरांनी. एनडीआरएफचे जवान आमच्यापर्यंत पोचायच्या आधी. तिला खुर्चीसकट कसं धरायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही.

आईचा विषय निघालाच आहे तर लिहितो, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद तिच्यावरून झाला. वय ८६, दोन्ही गुडघे गेलेले. सुनेचं म्हणणं होतं, मजला घातला तर आजी जिना कशा चढणार? विश्रामबागेत लिफ्ट आहे. तिचं म्हणणं रास्त होतं आणि आमच्यात आईची खरी सेवा तीच करते, म्हणून तिच्या मताला वजन. मी म्हणालो, लिफ्टने वर गेल्यावर ती दिवसभर कोणाशी बोलणार? बंद दाराच्या मागे? यावर बरेच दिवस काही ठरेना. शेवटी आईलाच विचारलं. ती म्हणाली, 'मला एकदाच वर न्या. मग मी खाली उतरत नाही. पण मला बोळ दिसला पाहिजे.' त्यावरून नकाशा बदलला. मागे काढलेली गॅलरी पुढे आणली. तिची खोली गॅलरीला लागून, संडास-बाथरूम खोलीतच, उंबरा कुठेही नाही. जिन्याच्या पायऱ्या साडेसात इंची होत्या त्या सहा इंची केल्या, दोन्ही बाजूंना कठडा, मधे बसायला रुंद टप्पा. त्यासाठी जिन्याला जागा जास्त लागली आणि स्वयंपाकघर लहान झालं. सुनेने ते मान्य केलं. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांनी नकाशा काढायच्या आधी त्याला विचारावं, एवढंच सांगतो. इंजिनिअर विचारत नाही.

कागदाचंही थोडं. जागेच्या मिळकत पत्रिकेवर माझ्याबरोबर माझ्या दोन बहिणींची नावं आहेत. विकायचं तर त्यांची सही आणि वाटा लागणारच. पण बांधायचं असलं तरी तो विषय आधी मिटवा. भावाने पैसा घालून मजला उभा केल्यावर वाटणीचं बोलणं निघालं की कोर्टाची पायरी चढावी लागते. आम्ही आधी बसून बोललो, एका बहिणीने हक्कसोडपत्र दिलं, दुसरीला तिच्या वाट्याची रक्कम हप्त्याने द्यायचं ठरलं. ती रक्कम वहीतल्या दोन्ही पानांना सारखीच लागू होती म्हणून वर धरली नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे ते. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत (ती डिसेंबर २०२० पासून लागू आहे) पूररेषेबद्दल साधा नियम आहे. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे नवं बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर पाहिजे. नियम चांगला आहे. मला तो मान्य आहे. पण लाल रेषेची पातळी आमच्या दारात कुठे येते? छातीला, डोक्याला, की स्लॅबला?

हे सांगणारा कोणी मिळाला नाही. एका कार्यालयात नकाशा दाखवला, त्यावर आमचा अख्खा बोळ पेन्सिलीच्या रेघेएवढा. त्यांनी दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखवलं, तिथून तिसरीकडे. शेवटी इंजिनिअरने आपल्या लेव्हलच्या यंत्राने ओळखीच्या खुणेपासून पातळी आणली आणि आमच्या भिंतीवर खडूने रेघ मारली. त्याचे पैसे आम्ही दिले. आम्हाला ते परवडलं. बोळातल्या बाकीच्यांनी काय करायचं? त्या एका रेघेशिवाय मजला किती उंचीवर घ्यायचा हे कळत नाही, खालची खोली वापरायची की सोडायची हे कळत नाही, आणि विकत घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हेही कळत नाही. सगळा निर्णयच आंधळा होतो.

म्हणून महानगरपालिकेकडे आणि जलसंपदा विभागाकडे माझी जाहीर मागणी आहे: पूरपट्ट्यातल्या प्रत्येक बोळात, प्रत्येक गल्लीत, विजेच्या एका खांबावर निळ्या आणि लाल रेषेची पातळी पक्क्या रंगाने मारा, आणि शेजारी २००५, २०१९ व २०२१ ची पाण्याची खूण. आयर्विन पुलावर फूटपट्टी रंगवलेली आहे, तशी बोळात पाहिजे. याला मोठा निधी लागत नाही, लेव्हलचं यंत्र आणि रंगाचा डबा लागतो. विश्रामबागेत १९४७ पासून चालू असलेलं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सिव्हिलच्या मुलांना सर्वेक्षण शिकवावंच लागतं, ते त्यांनी गावभागात, दत्तनगरात, सांगलीवाडीत येऊन शिकावं. त्याच मुलांकडून प्राध्यापकांच्या देखरेखीखाली जुन्या घरांच्या पायांची तपासणी माफक दरात झाली तर पत्र्याच्या खोल्या चढवणारी निम्मी घरं तरी थांबतील.

पैशाबद्दलही बोललं पाहिजे. २०१९ ला सानुग्रह अनुदानातले ५ हजार रुपये रोख हातात मिळाले होते. त्या दिवसांत त्याचा आधार होता, नाकारत नाही. पण ते पैसे चिखल काढण्यात आणि गादी घेण्यात गेले, आणि दोन वर्षांनी पुन्हा चिखल आला. पूर आल्यावर वाटायला पैसे असतात, पूर येण्याआधी घर वर उचलायला नसतात. मजल्याच्या कर्जासाठी आम्ही एका बँकेत गेलो तर पूरपट्ट्यातलं घर म्हटल्यावर त्यांनी फाइलच बाजूला ठेवली. फ्लॅटला मात्र त्याच टेबलावर लगेच अर्ज पुढे केला. म्हणजे बँकही सांगते, उठा. जागतिक बँकेच्या साह्याने कृष्णा खोऱ्यात पूरनियंत्रणाचा मोठा प्रकल्प होऊ घातला आहे. त्यातला एक भाग घरं उंचावण्याच्या कमी व्याजाच्या कर्जासाठी ठेवावा. आणि ज्याने मजला घालून खालची जागा कायमची मोकळी सोडली, त्याला त्या जागेची घरपट्टी माफ करावी. नाहीतर माणूस घरपट्टी भरायची म्हणून खाली भाडेकरू ठेवणारच.

कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५ मीटर करण्याचा वाद दोन राज्यांत चालू आहे, तो चालू राहील. कोयनेतून किती सोडलं, वारणेतून किती, यावर दर पावसाळ्यात बोललं जाईल. ते बोललंच पाहिजे. पण नातवाची दहावी यंदा आहे आणि आईचं वय ८६ आहे, आमच्या घराला त्या निकालाची वाट पाहता येत नाही.

आम्ही मजला घालायचं ठरवलं. कर्जाचं अजून पक्कं नाही. मुलाच्या भविष्यनिर्वाह निधीतले आणि माझ्या ठेवीतले पैसे घालून पाया आणि कॉलम दिवाळीनंतर सुरू करणार आहोत, उरलेलं जमेल तसं. खालची जागा मोकळी ठेवणार आहोत, आज घरपट्टी माफ नसली तरीही. आमच्या बोळाच्या तोंडाशी, चिंचेसमोर विजेचा जो खांब आहे तो पातळी रंगवायला सोयीचा आहे. महापालिकेने माणूस पाठवला तर आमच्या भिंतीवरची खडूची रेघ मिळवून बघायला मी स्वतः हजर राहीन. रेघ पावसाच्या आत मिळवून घ्यावी, कारण भिंत पडवीच्या बाहेर आहे आणि खडू धुऊन जाईल.

आपला,
गावभागातील एक निवृत्त दिवाणजी, सांगली